आनंदात आवळलेला बोल्ट

आटेकाकांना रीतसर नाव होतं, पण ते फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीला आणि विजेच्या बिलाला माहीत होतं. बाकी सगळ्या जगाला ते आटेकाका. साठी उलटलेले ट्रकवालेसुद्धा त्यांना काका म्हणायचे आणि काका स्वतः होते चोपन्नचे. एकदा का माणूस काका झाला की त्याचं वय विचारतंय कोण!

आटे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरातल्या कुठल्याही बाटलीचं झाकण फिरवून काढावं. तोंडाशी गोल गोल चरे दिसतात ना, तेच आटे. बोल्टवर तेच असतात आणि बोल्ट ज्या भोकात जातो त्याच्या आतही तेच. दोन्हींची गाठ पडली की बोल्ट धरतो. ते एकदा सोलून निघाले की बोल्ट नुसता गरगर फिरत बसतो, मग तुम्ही त्याला कितीही आवळा. आणि आवळायची हौस माणसाला फार! गॅरेजवाल्यांनी आटे घालवायचे आणि काकांनी ते पुन्हा पाडायचे, अशी तीस वर्षं कामाची सरळ वाटणी चालली होती.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे गल्लीच्या टोकाची एक पत्र्याची शेड. एका भिंतीला लांबलचक टेबल, त्याच्या डोक्यावर खिडकी, टेबलाच्या खणात कापडावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने निजवलेले टॅप. टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार. त्या खणाला काकांशिवाय कुणी हात लावला तर काका बोलायचे नाहीत, नुसते बघायचे, आणि समोरचा हात मागे घ्यायचा. दाराशी एका खुर्चीत ताई बसायची. ताई म्हणजे थोरली बहीण. ती फोन घ्यायची, गिऱ्हाइकांना गप्प करायची आणि भाऊ काय करतोय यावर नजर ठेवायची. यातलं शेवटचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं.

खिडकीत तीन पत्र्याचे डबे होते. काकांनी त्यांच्यावर स्वतःच्या हाताने रंगवलं होतं: राग, घाई, भीती. दुरुस्तीला आलेल्या कामातला बिघडलेला बोल्ट काका यातल्या एका डब्यात टाकायचे. कारण त्यांना बोल्टवरून माणूस कळायचा. खोटं नाही सांगत.

"हा बघ," बोल्ट घेऊन आलेल्या मेकॅनिकला ते म्हणायचे, "एका हिसक्यात सोललाय. रागात आवळलायस. कुणाशी वाजलं होतं?"

मेकॅनिक चाचरत म्हणायचा, "मालकांशी."

"आणि हा तिरका शिरलाय. ही घाई. जेवायची वेळ झाली होती ना?"

"हो काका."

तिसऱ्या एखाद्या बोल्टची मान ताणून बारीक झालेली असली की काकांचा आवाज मऊ व्हायचा. पुन्हा पुन्हा आवळलेला बोल्ट. मेकॅनिकने गाडी दिली, मग त्याला शंका आली, मग जाऊन परत आवळला, परत आवळला. ही भीती. भीतीवाल्याला काका चहा पाजायचे. रागवाल्याला पाजायचे नाहीत.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काकांचे दोन नियम होते आणि त्यात देवाचीही गय नव्हती. पहिला, ब्रेकचा बोल्ट अंदाजाने आवळायचा नाही, टॉर्कचा पाना वापरायचा. या पान्यावर आधी जोर ठरवून ठेवता येतो आणि तेवढा जोर पडला की पाना आपणहून ‘टक्क’ असा आवाज करतो. टक्क झालं की हात काढायचा. दुसरा नियम जरा बोचरा होता. ब्रेकचे आटे कुणी घालवले ते गाडीच्या मालकाला सांगायचं, आणि ज्याने घालवले त्यानेच सांगायचं. "ब्रेक ज्याच्या पायाखाली आहे त्याला कळलंच पाहिजे," असं म्हणून काकांनी कितीतरी मिशीवाल्या मेकॅनिकांना मालकासमोर खाली मान घालून उभं केलं होतं. लोक चिडायचे, शिव्या घालायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा काकांकडेच यायचे.

आता मॅडमचं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही घडलंच नसतं.

मॅडम ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. वय पन्नास, लग्न केलेलं नाही, पाठ ताठ, आवाज त्याहून ताठ. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि बावीस वर्षं मॅडमचा उजवा पाय त्या ब्रेकवर होता. गाडीला एकच ब्रेक, पण दाबणारे पाय दोन, त्यातला एक शिकाऊ. साहजिकच त्यांच्या गाडीचे पॅड, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारे ब्रेकचे ठोकळे, इतरांच्या दुप्पट वेगाने झिजायचे आणि त्या इतरांच्या दुप्पट वेळा काकांकडे यायच्या. आटे गेलेले नसतानाही यायच्या. "ब्रेकला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं.

अशी अकरा वर्षं गेली. मग एके दिवशी काकांच्या लक्षात आलं की मॅडम आपल्याला काका म्हणेनाशा झाल्यात. आधी ‘आटेकाका’ म्हणायच्या. आता नुसतं ‘अहो’. "अहो, मागून कर्रकर्र येतंय." "अहो, उद्या देता का?" आता अहो तर आपण पोस्टमनलाही म्हणतो. पण काकांचा तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी ताईला विचारलं की बायका ‘अहो’ कुणाकुणाला म्हणतात, आणि ताईने हातातला फोन कट करून टाकला. वीस वर्षं ती या घटकेची वाट बघत होती.

ताईने त्यांच्याकडून एक भाषण पाठ करून घेतलं. सुंदर भाषण होतं, त्यात ‘सोबत’ हा शब्द दोनदा होता. प्रत्यक्षात काकांनी किल्ली मॅडमच्या हातात दिली आणि म्हणाले, "मॅडम, पॅड अजून तीन महिने जातील. पुढच्या वेळी याल तेव्हा लग्नाचं काय ते सांगा."

"कुणाच्या?" मॅडमनी विचारलं.

"आपल्या," काका म्हणाले आणि टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं शोधायला लागले.

मॅडम तीन महिन्यांऐवजी आठव्या दिवशी हजर. सकाळी नऊला गाडी शेडमध्ये लावली, इंजिन बंद केलं, खाली उतरल्या आणि वर्गाला शिकवावं तशा आवाजात म्हणाल्या, "हे बघा. बावीस वर्षं मी दुसऱ्याच्या चुकीवर डोळे लावून बसलेय. घरी गेल्यावर तरी कुणावर डोळा ठेवायला लागू नये, एवढीच माझी अपेक्षा. तुम्ही केलेल्या ब्रेकवर पाय ठेवताना मला कधी शंका येत नाही. तेव्हा हो."

काका म्हणाले, "बरं."

पुढे म्हणाले, "गाडी एकपर्यंत होईल."

मॅडम क्षणभर थांबल्या, मान हलवली आणि दुसऱ्या गाडीवर शिकवायला निघून गेल्या. ताईने कपाळावर हात मारला तो गल्लीत ऐकू गेला.

पण बाहेरून ‘बरं’ असलं तरी आत काय चाललं होतं म्हणून सांगू! काकांना नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यांनी चाक काढलं. पॅड बघितले, अर्धेअधिक शिल्लक होते. म्हणजे बाई पॅडसाठी आलीच नव्हती! काकांनी तरी नवे पॅड घातले. मग वाटलं, ती चकती, म्हणजे डिस्क, पण चकाचक करावी. मग वाटलं, पॅड धरणारा कॅलिपर ज्या ब्रॅकेटवर बसतो ते ब्रॅकेटही उतरवून घासूनपुसून घ्यावं. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. कुणी घराला रंग काढतं, कुणी मिठाई वाटतं, काकांनी ब्रॅकेट घासलं. घासताना ते गायला लागले. ताईने खुर्ची वळवून बघितलं. चोपन्न वर्षांत तिने भावाला गाताना ऐकलं नव्हतं, आणि दोन मिनिटं ऐकल्यावर ते बरंच झालं असंही तिला वाटलं. गाण्याला शब्द नव्हते, सूर तर त्याहून नव्हता, पण दणदणीत होतं.

अकराच्या सुमाराला त्यांनी ब्रॅकेट परत चढवलं. टॉर्कचा पाना घेतला, जोर बरोबर लावून घेतला. पहिला बोल्ट, टक्क. दुसरा बोल्ट आवळता आवळता गाण्याची तान अशी काही वर गेली की काय विचारता! पाना टक्क म्हणाला असणार. त्या पान्याने जन्मात कधी दगा दिलेला नव्हता. पण काका तेव्हा तानेत होते. त्यांनी आणखी ओढलं. छान वाटत होतं. आणखी ओढलं. बोल्ट घट्ट झाला, अजून घट्ट झाला, आणि मग एकदम मऊ.

ज्याने आयुष्यात कधी बोल्ट आवळलाय त्याला ते मऊ होणं माहीत आहे. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं होतं. गाणं तिथल्या तिथे बंद पडलं.

काकांनी बोल्ट उलटा फिरवून काढला. त्याच्या आट्यांत चंदेरी धातूचे वेटोळे अडकून आले होते. चाकामागच्या ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात तो बोल्ट बसतो, त्याचे सगळे आटे सोलून बाहेर आले होते. ब्रेकचे आटे! मॅडमच्या ब्रेकचे! आणि तेही आज!

सवयीने काका बोल्ट घेऊन खिडकीपाशी गेले आणि तीन डब्यांसमोर उभे राहिले. राग? छे. घाई? एकपर्यंत वेळ होता. भीती तर नव्हतीच, भीती आत्ता या क्षणाला सुरू झाली होती. तीस वर्षांत असा बोल्ट त्यांच्याकडे आलाच नव्हता. त्यांनी तो खिशात टाकला.

"काय झालं?" ताई खुर्चीतूनच ओरडली. "गाणं का थांबलं?"

काकांनी सांगितलं.

ताई आधी हसली. मग तिला दुसरा नियम आठवला आणि ती ताडकन उठली. "हे बघ, तिला काही सांगायचं नाही. तू नीट करू शकतोस ना?"

"करू शकतो. पोलादी बुश घालीन. आधीपेक्षा मजबूत होईल."

"मग झालं तर! आधीपेक्षा मजबूत! आणखी काय पाहिजे? अरे, जन्मात पहिली बाई तुला हो म्हणाली. का हो म्हणाली? तुझ्या नाकाकडे बघून? तुझ्या ब्रेककडे बघून हो म्हणाली ती! आणि तू दोन तासांत तिच्यासमोर उभा राहून सांगणार की बाई गं, मी गात होतो आणि तुझा ब्रेक मोडला?"

ताईचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं, तोच तर त्रास होता. मॅडमना त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि नेमकी तीच त्यांनी घालवली होती. सांगावं तर हो म्हणालेली बाई हातची गेली. न सांगावं तर ती जन्मभर निर्धास्त पाय ठेवणार, आणि त्या प्रत्येक वेळी आपल्याला खिशातला बोल्ट टोचणार.

आधी काम. काकांनी नळाखाली डोकं धरलं, कारण एवढी धडकी भरलेली असूनही मधूनच ‘तेव्हा हो’ आठवायचं आणि ओठ कानापर्यंत जायचे. हसऱ्या तोंडाने सरळ भोक पडत नाही, असं त्यांचं मत होतं. तीनदा डोकं भिजवलं. मग ड्रिल हातात घेतलं, कोनमापक लावून काटकोन दोनदा तपासला आणि सोललेलं भोक थोडं मोठं पाडून घेतलं. कीस फुंकरीने उडवला, ब्रशने झाडला, वर बोट फिरवून बघितलं. मग खणातून मोठा टॅप निघाला. तेलाचा थेंब सोडायचा, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, म्हणजे कापलेला धातू तुटून पडतो. अर्धा पुढे, पाव मागे. या कामात काकांचा श्वाससुद्धा टॅपच्या तालावर चालायचा. गाणं वगैरे काही नाही.

भोकात नवे, रुंद आटे तयार झाले. त्यांत पोलादी बुश बसवायचा. बुश म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळी, बाहेरूनही आटे, आतूनही आटे. बाहेरचे आटे अ‍ॅल्युमिनियमला धरतात, आतले बोल्टला. साध्या कामात काका तारेची गुंडाळी घालायचे, पण ब्रेकला बुशच. पक्कं करणारं औषध लावून त्यांनी तो आत फिरवला, कडेला बरोबर बसवला, औषध वाळायला पुरता वेळ दिला आणि नवा कोरा बोल्ट हाताने चढवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन बोटांनी फिरला, इतका सरळ. मग टॉर्कचा पाना. ताईला त्यांनी फोन बाजूला ठेवायला लावला. शेडमध्ये चिडीचूप शांतता.

टक्क.

काकांनी पान्यावरचा हात असा उचलला, जणू तापलेल्या तव्यावरून उचलला. चाक चढवलं, ब्रेक पन्नास वेळा दाबून बघितला. सगळं उत्तम होतं. त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं.

मॅडम एकला यायच्या होत्या, त्या पाऊण वाजताच आल्या, आणि चालत आल्या. काकांना वाटलं होतं, आधी पाणी देऊ, मग बसायला सांगू, मग हळूहळू विषय काढू. मॅडम उंबऱ्यात पोचल्या न पोचल्या तोच काकांच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं.

"मॅडम, तुमच्या उजव्या चाकाच्या ब्रेकचे आटे गेले होते. मी घालवले. दुसऱ्या कुणी नाही. बुश घातलाय, आधीपेक्षा मजबूत आहे, पण आटे मी घालवले."

ताईने डोळे मिटून घेतले.

मॅडमनी चौकशी सुरू केली, चुकलेल्या विद्यार्थ्याची करतात तशी. "टॉर्कचा पाना वापरला नव्हता?"

"वापरला होता."

"मग टक्क झालं नाही?"

"झालं असणार. ऐकू आलं नाही."

"का?"

काकांची मान आता छातीला टेकली. "गात होतो."

"तुम्ही?"

"हो."

"कशासाठी?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? ताईने पाठ करून घेतलेल्या भाषणात ते नव्हतं. काकांनी खिशातून बोल्ट काढला आणि तळहातावर धरून पुढे केला. "सकाळी तुम्ही हो म्हणालात ना," ते म्हणाले, "मला फार आनंद झाला. इतका की कळेचना कुठे ठेवावा. मला दाखवता येत नाही तो. मग तो असा हातात उतरला."

मॅडमनी बोल्ट घेतला, उजेडाकडे धरून बघितला, आट्यांत अडकलेलं ते चंदेरी वेटोळं नखाने थोडं सोडवलं. काकांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलून त्यांच्यापुढे धरली.

"किल्ली नको," मॅडम म्हणाल्या.

संपलं, काकांना वाटलं. दुसऱ्या कुणाला तरी बोलावून गाडी दाखवणार असतील, आणि ते बरोबरच आहे. आपणही तसंच केलं असतं.

"नको म्हणजे आज नको," मॅडम म्हणाल्या, आणि काय आश्चर्य, त्यांचा आवाज ताठ नव्हता. "सकाळी इथून गेले, एका मुलीला घेऊन रस्त्यावर निघाले. चौकात समोरून टेम्पो आला. ती मुलगी कच्ची आहे हो, तिसराच दिवस तिचा. आणि मी? मी खिडकीबाहेर बघत बसले होते. तिने आपणहून ब्रेक मारला. बावीस वर्षांत कुणी माझ्याआधी ब्रेक मारलेला नाही! वर मला विचारते, मॅडम, तुम्हाला बरं वाटतंय ना? मी दिवसभराचे सगळे तास रद्द केले आणि चालत आले. मला आज गाडीत पाऊल ठेवायचं नाही. आणि तुम्ही तर चालवूच नका."

ताईच्या तोंडून "अगं बाई!" एवढं फुटलं, आणि तिने पदराने डोळे पुसले की हसू लपवलं, ते कळलं नाही.

"गाडी उद्या सकाळी उतारावर नेऊन बघू," मॅडम म्हणाल्या. "आज आपण चालत जाऊ."

"कुठे?"

"मला काय माहीत! चालत जाऊ."

काकांनी हात धुवायलासुद्धा वेळ लावला नाही. दोघं गल्लीतून निघाली ती रस्त्याच्या अगदी कडेकडेने, कारण दोघांचाही आज स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता. कोपऱ्यावर सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि ही दोघं तिथेच उभी राहून बोलत होती. पलीकडच्या दुकानदाराने हाक मारली, "आटेकाका, सुटला सिग्नल!" काकांना ऐकू गेलं नाही. तसंही त्यांना आज काहीच ऐकू जात नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "एक सांगू? सकाळी तुम्ही ‘बरं’ म्हणालात तेव्हा मला वाटलं, आनंद एकट्या मलाच झालाय. वाटेत मी मनाची समजूत घालत होते की असू दे, माणूस चांगला आहे, तेवढं पुष्कळ झालं." त्यांनी मुठीतला बोल्ट घट्ट धरला होता. "माझ्यापुढे सगळे कसे नीट वागतात. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलेली बाई. माझ्यामुळे कुणाच्या हातून काही बिघडलं, असं पन्नास वर्षांत कधी झालं नव्हतं हो."

काका गडबडले. त्यांना वाटलं, तक्रार आहे. "पुन्हा नाही होणार," ते घाईघाईने म्हणाले. "शब्द देतो."

"देऊ नका," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "ब्रेकचा सोडून बाकी कुठलाही बोल्ट चालेल."